आंघोळीचं नातं

गावात कुणी मेलं की लोक रडायला मयताच्या घरी जात आणि विचारायला आकाराम आबांच्या ओसरीवर येत. विचारायचं ते एकच असे: "आबा, आमाला किती?"

किती म्हणजे किती दिवसांचं सुतक. भावकीतला माणूस गेला की घराला सुतक लागतं आणि ते फिटेपर्यंत देवापुढं दिवा लावायचा नाही, लग्नकार्य करायचं नाही, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. पण गेलेला माणूस जवळचा की लांबचा हे ठरवताना भल्याभल्यांची गाडी चिखलात रुतायची. आबांची रुतत नसे. शिरवळकडं जाऊन राहिलेला कुणी चुलत चुलत्याचा नातू गेला, तरी आबा ओसरीच्या खांबाला टेकून डोळे मिटत, ओठातल्या ओठात चारसहा नावं पुटपुटत आणि सांगत, "तुज्या पणज्याचा आन् त्याच्या आज्याचा बाप एकच. धा दिवस." फाटा फार मागं फुटलेला असला तर तीन दिवस. आणि नातं आहे एवढंच ठाऊक, पण धागा काही हाताला लागत नाही, असं असलं तर नुसती आंघोळ. खबर ऐकली की अंगावरच्या कपड्यांनिशी नदीत एक बुडी मारायची, की माणूस मोकळा.

चित्रगुप्ताची वही कधी हरवली तर बिचारा येरळा नदीच्या काठी येऊन आबांनाच गाठेल, असं पंचक्रोशीत म्हणत. हे ऐकून आबांना आतून गुदगुल्या होत, पण तोंड मात्र एकादशीचं ठेवत. त्यांना आणखी एक खोड होती, तोंडवळा वाचायची. विट्याच्या बाजारात अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकून ते खुशाल सांगत, की तू अमक्या गावच्या तमक्याच्या घरातला, हा कान दुसऱ्या घरात व्हायचा नाही. आणि माणूस त्याच घरातला निघे. माणसाला बोलणं लपवता येतं, पण नातं लपवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कानात आणि करंगळीत उतरतंच.

अशा माणसाचा थोरला मुलगा नाथाजी पलटणीत गेला आणि बेचाळीस साली ब्रह्मदेशात हरवला. मेला असं कुणी म्हणेना, हरवला म्हणत. जवळजवळ दोन वर्षं तो पोरगा धड जिवंतात नव्हता की धड मेलेल्यात नव्हता. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात पक्की खबर आली, की पलटण मागं हटत होती तेव्हाच, एक नदी ओलांडताना तो गेला. त्या दिवशी सारं गाव आबांच्या ओसरीवर जमलं आणि कुणी काही विचारलं नाही. विचारणार तरी कसं?

रीत अशी, की मरणाची खबर उशिरा कळली तर सुतकही आटत जातं. वर्ष उलटून गेलं असलं तर नुसती आंघोळ उरते. बाप मेल्याची खबर पोराला कितीही उशिरा कळो, त्यानं पुरे दहा दिवस धरायचे. पोराचं मात्र बापाला तसं नाही. ज्यांनी ही रीत घातली त्यांच्या मनातही आलं नसेल, की पोरगा आधी जाईल आणि बापाला दोन वर्षांनी कळेल.

आबा खांबाला टेकले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. "वरीस उलाटलंय," ते म्हणाले. "नुसती आंगूळ." उठले, येरळेच्या डोहात बुडी मारून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवापुढं दिवा लावला. त्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी, ते ओलं धोतर वाळत घातलं, घडी करून पेटीत ठेवलं आणि पुन्हा कधी त्यांना नेसायला दिलं नाही. त्याबद्दल नवराबायको एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत.

तेव्हापासून आबा रीतीला जास्तच चिकटून बसले. लोकांना वाटे, म्हातारा हट्टी होत चालला. ते हट्टापायी नव्हतं, भीतीपायी होतं. पोटचा, अंगाखांद्यावर खेळवलेला पोरगा आणि त्याच्यासाठी एक बुडी. रीत खरी असली तरच ती बुडी पुरेशी होती. रीत खोटी असली, तर बापानं पोराला मेल्यावर फसवलं होतं.

लढाई संपल्यावर जो हिवाळा आला, त्यात धाकट्या शालूला स्थळ आलं. मुलगा कडेगावचा, नाव कृष्णात, सांगलीच्या एका शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर. घर खाऊनपिऊन सुखी, उसाचं रान. आबांनी आधीच त्या घराच्या पिढ्या चाळून घेतल्या होत्या आणि कुठं भावकी लागत नव्हती. शालूनं चुलीपुढून वाकून बघितलं आणि जे दिसलं ते तिला आवडलं, हे बनुबाईंना तिच्या पाठीवरूनच कळलं. शेंगा-गूळ झाला, चहा झाला. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती, आणि भावकीतल्या भाऊसोनं तोंड घातलं. गप्प बसलं की या माणसाच्या पोटात दुखायचं. तुमच्या पुस्तकात माणूस माकडापासून झाला असं लिहिलंय म्हणे, खरं का हो मास्तर?

कृष्णातनं हसून वेळ मारून न्यायला हवी होती. पण तो पडला मास्तर. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. माकडापासून असं नव्हे, तो म्हणाला. माणूस, माकड, बैल, पाखरू, कुणाचंही मूळ शोधत मागं मागं गेलं, की ते एकाच ठिकाणी जाऊन पोचतं. आणि मंडळींना सोपं जावं म्हणून त्यानं पुढं जोडलं, "म्हंजे बघा, समद्यांची भावकी एकच."

ओसरीवर हशा पिकला. आबा तेवढे हसले नाहीत.

"भावकी?" त्यांनी विचारलं.

"व्हय मामा."

"सकाळी वड्याला कावळा मरून पडलेला बघितला मी. मग मला किती दिवसाचं?"

आबा थट्टा करताहेत असं वाटून कृष्णात मोकळेपणी हसला. तिथंच सगळं फिसकटलं.

"हसू नगंस," आबा म्हणाले. "जगात दर घटकेला कायतरी मरतंय. मुंगी मरती, चिमनी मरती. समदी भावकीच म्हनलं, तर मानूस जल्मभर सुतकात. मग देवाला दिवा कवा लावायचा? पोरींची लग्नं कवा लावायची? आरं, लांबचं-जवळचं न्हाई ऱ्हायलं, तर मेलेल्याला द्यायचं काय आन् किती, ह्ये ठरवायचं कुनी?"

कृष्णातनं दगडांविषयी वाचलं होतं, हाडांविषयी वाचलं होतं, पण हा प्रश्न त्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. सुपारी तशीच तबकात राहिली आणि पाहुणे उठले.

गावात चार दिवस त्याचीच चर्चा. मास्तरनं मारुतीरायाला खाली ओढलं असं कुणी म्हणालं. माणूस जनावर ठरला तर पाप कशाला म्हणायचं, असं दुसऱ्यानं विचारलं, आणि तो प्रश्नही काही टाकाऊ नव्हता. आबांना मात्र माकडाचं काहीच वाटलं नव्हतं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच, आणि ते कुठं लागलं हे फक्त बनुबाईंना कळलं होतं. पुढचं स्थळ आलं तेव्हा शालूचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढचं आलं तेव्हाही डोकंच दुखलं.

उन्हाळ्यात आबांनी येरळेकडच्या मळ्यात विहीर काढायला घेतली. काम मौलाकडं दिलं. मौला विट्याकडचा, बापआज्यापासून विहिरी पाडणारा, माणूस कामाला वाघ आणि बोलायला मुका. काळी माती गेली, पिवळी लागली, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे लागले, आणि त्याच्याही खाली वाळू आणि गोटे एकमेकांत असे घट्ट बसलेले, जसे गुळाच्या पाकात शेंगदाणे. तिथं एका सकाळी मौलाची पहार थांबली. त्यानं खालून हाक मारली नाही. शिडी चढून तो स्वतः वर आला, डोक्याचं फडकं काढून त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "आबा, खाली कुनीतरी हाय."

आबा उतरले. विहिरीच्या एका अंगाला, गोट्यांच्या थरात, एक हात आडवा पडला होता.

हातच तो. दंडाचं एक हाड, उभं केलं तर आबांच्या कमरेला लागेल इतकं लांब आणि माणसाच्या मांडीइतकं जाड. त्याला कोपर होतं. कोपरापुढं दोन हाडं शेजारी शेजारी. मग मनगटाशी गोट्यांसारख्या हाडांचा घोळका. आणि त्याच्यापुढं पंजा, पसरलेला, पाच बोटांचा. रंग जुन्या गुळासारखा. आबांनी भीत भीत बोट लावलं तर हाडाचा दगड झालेला.

त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि आपला हात त्या हाताशेजारी धरला. दंडात एक. कोपरापुढं दोन, ती चाचपून बघता येतात. मनगटात खडे. बोटं पाच. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. आबांचे हात आपोआप जोडले गेले. पोथीत ऐकलं होतं, आधीच्या युगात माणसं ताडमाड होती. ऐकलं होतं तसं मानलंही होतं, पण मानलेली गोष्ट अशी आपल्याच मळ्यात, आपल्याच पायाखाली निजलेली सापडेल असं कधी वाटलं नव्हतं.

वर आल्यावर त्यांनी काम थांबवलं. हळदीकुंकू, नारळ आला. बातमी फुटली तसं सारं गाव विहिरीच्या कडेला गोळा झालं. बायका पदर पुढं घेऊन वाकून बघत आणि मागं सरून गप्प उभ्या राहत. मौलानं त्या दिवशी पहारीला हात लावला नाही. "आमच्यात म्हनत्यात, मालकानं मातीपासनं मानूस केला," तो आबांना म्हणाला. "समदी उमर माती उपसली, पर मातीत हात कवा गावला न्हवता."

आबांच्या मनात मात्र एक आनंद उसळत होता. थोरामोठ्यांपासून माणूस खाली आला होता, जनावरापासून वर चढला नव्हता. पिढ्या खऱ्या होत्या, रीत खरी होती. या पूर्वजाचं सुतक किती, हेही त्यांनी मनात ठरवलं होतं: धागा लागत नाही, म्हणजे नुसती आंघोळ. पण नदीवर जाण्याआधी त्यांना एक गोष्ट हवी होती. त्यांनी मौलाला सांगलीला धाडलं. मास्तरला म्हणावं, येऊन बघून जा.

कृष्णात दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं आला आणि फाट्यावरून चालत मळ्यात पोचला. विहिरीच्या कडेला गाव उभं होतं. शालू आईच्या आड उभी होती. आबांनी आडपडदा ठेवला नाही, सगळ्यांदेखत सांगून टाकलं. खाली उतर, बघ, आणि वर येऊन गावापुढं एवढंच म्हण की हा आमचा वाडवडील आहे आणि तुझं पुस्तक चुकलंय. याच वैशाखात हळद लावतो.

कृष्णातनं एकदा शालूकडं बघितलं. मग टोपी काढून मौलाच्या मागोमाग शिडी उतरला.

खूप वेळ वरच्यांना काही ऐकू आलं नाही. मग पहारीचे हलके घाव ऐकू आले, आणि नंतर तेही थांबले. "मामा, खाली येता का?" कृष्णातचा आवाज आला.

आबा उतरले तेव्हा मास्तर त्या हाडाशेजारी गुडघे टेकून बसला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. असलं काही त्यानं आजवर कागदावर काढलेलंच बघितलं होतं. मौलानं पंजापासून हातभर अंतरावर थर मोकळा केला होता आणि तिथं एक दाढ उघडी पडली होती. दाढ कसली, भाकरीएवढा पाटाच, आणि त्याच्यावर आडव्या रेघाच रेघा, जात्याला टाकी घातल्यासारख्या.

"हो म्हनलं तर शालू माझी, मला ठाऊक हाय," कृष्णात हळू आवाजात म्हणाला. वरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तो हळू बोलत होता, आबांची लाज राखायला. "पर मामा, ह्यो मानूस न्हवं. हत्ती हाय. आपल्या वळखीचा बी न्हाई, त्याच्या आदीच्या कुळातला."

आबांनी दाढेकडं बघितलं. सांगलीला संस्थानचा हत्ती त्यांनी कितीदा बघितला होता, ऊस चावताना त्याच्या जबड्यात आत काय फिरतं तेही बघितलं होतं. खोटं बोलायला जागाच नव्हती. आपण हत्तीला नारळ फोडला, सारं गाव त्याच्यापुढं उभं केलं. कालपासून छातीत जे भरून आलं होतं, ते एका क्षणात रिकामं झालं. कृष्णातनं त्यांचा चेहरा बघितला, टोपी उचलली आणि शिडीवर पाय ठेवला.

"थांब," आबा म्हणाले. "हत्तीला पाच बोटं असत्यात?"

"असत्यात. कातड्याच्या आत. वरनं खांब दिसतो."

"कोपर?"

"हाय."

"मनगट?"

"हाय की."

आबा एकेक हाडावर हात ठेवत विचारत होते. वरून बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारा एखाद्या परगावच्या पाहुण्याला त्याचा बाप, आजा, पणजा विचारतोय. मग त्यांनी बाही पुन्हा वर केली, हात पुन्हा त्या हाताशेजारी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांनी उभ्या आयुष्यात हजार तोंडवळे वाचले होते आणि कुठं चुकले नव्हते. कालही ते चुकले नव्हते. कान ओळखला होता, फक्त घराचं नाव चुकलं होतं.

"मग ह्यो माज्यावानी का रं?" त्यांनी विचारलं.

तोंडाशी आलेला शब्द कृष्णातनं गिळला.

"तू भावकी म्हनाला हुतास," आबाच म्हणाले. "ती ही?"

"व्हय मामा. बैलाच्या पायात हीच हाडं हायती. वटवाघळाच्या पंखात हीच. कुनाची लांब झाली, कुनाची जुळून गेली."

"कवाची ही गोष्ट?"

कृष्णातनं वर बोट केलं. तिथं, अगदी कडेला, गवताच्या मुळ्या दिसत होत्या. "तुमच्या ध्यानात जेवढ्या पिढ्या हायती, त्या समद्या त्या मुळ्यांच्या मातीत बसत्याल," तो म्हणाला. "ह्यो हत्ती हितं, तळाला. आन् तुमचा नि ह्याचा फाटा जिथं फुटला, तिथवर जायाचं तर असल्या हिरी एकाखाली एक खनत जायाचं. किती, ते मला बी सांगता यायचं न्हाई. आमची मोठी मानसं बी अजून मोजत्यातच."

आबांनी मान वर केली. खालून आभाळ भाकरीएवढं दिसत होतं आणि त्याच्या कडेला गावाची डोकी. मुळ्यांच्या खाली काळी माती, काळीखाली पिवळी, पिवळीखाली पांढरे खडे, आणि तळाला ते स्वतः उभे, कुणाच्या तरी हातावर हात ठेवून. खांबाला टेकून डोळे मिटले की जी नावं येत, ती सगळी वरच्या वितीत संपली होती. त्याच्या खाली नावंच नव्हती. नुसते बाप आणि त्यांचे बाप, आया आणि त्यांच्या आया, कुणी चार पायांवर, कुणी त्याच्याही आधीचे, आणि त्यांतला एकही असा नाही की जो पोर मागं न ठेवता गेला. एक जरी तसा गेला असता, तर आज हा हात नसता. आबांना भोवळ आल्यासारखं झालं. ती भीती नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या माणसाला जसं होतं, तसं त्यांना झालं. मौला भिंतीला हात लावून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते, त्याच्या मालकाचं नाव घेत असावेत.

आबा शिडी चढून वर आले. गावातून वाट काढत ते सरळ नदीकडं निघाले. ही चाल बनुबाईंनी दोन वर्षांपूर्वी बघितली होती. त्या मागोमाग गेल्या. कृष्णात आणि शालूही, एकमेकांपासून बेतानं अंतर ठेवून, मागोमाग गेले.

त्याच डोहाला, अंगावरच्या कपड्यांनिशी, आबांनी बुडी मारली. वर आले तेव्हा पाणी त्यांच्या पांढऱ्या मिशीतून निथळत होतं.

"कुनाचं?" बनुबाईंनी काठावरून विचारलं.

"लय लांबच्याचं," आबा म्हणाले. "नाव ठाव न्हाई. धागा लागत न्हाई. नुसती आंगूळ."

ते पाण्यातच उभे राहिले. मग कृष्णातकडं बघून म्हणाले, "तुजं पुस्तक मी मानलं असं समजू नगंस. माकडाचं मला पटत न्हाई, पटंल असं वाटत बी न्हाई. पर वळख पटली की नातं नाकारायचं न्हाई, ही माजी रीत हाय." थोडा वेळ त्यांनी पाण्याकडं बघितलं. "मी तुला म्हनलो हुतो, समद्यांचं सुतक धरलं तर दिवा कवा लावायचा. आरं, रोज सकाळी मानूस आंगूळ करून मगच दिवा लावतोय की. मला वाटायचं अंगाचा मळ काढाय करत्यात. रोज कुनी ना कुनी जातंय, म्हनून रोज हाय ती. आपल्याला सांगितलं न्हाई कुनी, एवढंच."

ती हाडं पुण्याला कुणा जाणत्याला दाखवावीत, असं कृष्णातच्या मनात घोळत होतं. आबांनी ते तोंडावरूनच ओळखलं. "घरातल्या मानसाची हाडं कोन चव्हाट्यावर मांडतं?" त्यांनी विचारलं, आणि कृष्णातनं मान खाली घातली. पुढं ती विहीर त्यानं आणि मौलानं मिळून बुजवली आणि दुसरी चाळीस पावलांवर पाडली. मास्तरच्या मनाला ते शेवटपर्यंत लागून राहिलं, हे खरं.

"सुपारी आना," आबा शालूकडं न बघता म्हणाले. "आंगूळ झाली. कार्याला आता आडकाठी न्हाई."

शालू पळाली. आबा अजून पाण्यातच होते. बनुबाईंना ते दिसत होतं, की मिशीतून निथळायचं पाणी कधीच थांबलं आणि आता जे येतंय ते डोहाचं नाही.

"नाथाला बी मी एवढीच दिली," आबा म्हणाले.

"आवं, एवढी म्हंजे," बनुबाई म्हणाल्या, "लहान न्हवती ती." त्या घरी गेल्या, पेटी उघडली, आणि दोन वर्षं घडी करून ठेवलेलं ते धोतर काठावर आणून त्यांनी आबांच्या हातात दिलं.